झिजलेली जोडी

रूडॉल्फ डीझेलने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे आपले एंजिन चालवून दाखविले, तेव्हा एक अडचण तशीच राहून गेली होती. दाबाने तापलेल्या हवेत तेल सोडले की ते आपोआप पेटते, हे तत्त्व सिद्ध झाले. पण तेल आत सोडावयाचे कसे? डीझेलने ते दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर आत फुंकले. त्यासाठी हवा दाबणारे दुसरे यंत्र एंजिनाच्या बगलेला बसवावे लागे. कारखान्यांना नि जहाजांना हे ओझे परवडे. शेतात फिरणाऱ्या वाहनाला ते कसे परवडावे?

ही अडचण सोडविण्यास अनेकांचे हात लागले. मोटारींच्या मॅग्नेटोसाठी नावाजलेल्या स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने १९२२ साली हे काम हाती घेतले, आणि १९२७ मध्ये त्याच्या कारखान्यातून असे पंप नियमाने बाहेर पडू लागले. डीझेल स्वतः १९१३ मध्येच, इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून नाहीसा झाला होता.

या पंपाचे मर्म एका जोडीत आहे. पोलादी नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, पोलादी दांडा, म्हणजे प्लंजर, खालीवर होतो. प्लंजरच्या अंगावर तिरपी कडा कोरलेली असते. दांडा किंचित फिरविला की ती कडा नळीचे छिद्र लवकर किंवा उशिरा उघडते आणि तेलाचे माप कमीजास्त होते. मध्ये रबर नाही, चामडे नाही. शेकडो वातावरणांच्या दाबाखालचे तेल केवळ दोन पोलादी अंगांच्या जवळिकीने अडते. ही फट दोन-तीन मायक्रॉनांची, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्श्याएवढी. दोन्ही अंगे एकमेकांसाठीच घासून जुळविलेली असल्यामुळे एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या जोडीच्या नळीत घालावयाचा नसतो.

तेलातली बारीक धूळ हा या जोडीचा मोठा शत्रू, पाणी हा दुसरा. झीज सर्वत्र सारखी होत नाही. छिद्रासमोर, वरच्या काठाशी आणि तिरप्या कडेवर चकाकी जाऊन अंधुक पट्टे उमटतात. मग दाबाचे तेल मागे निसटते. थंडीत तेल दाट असते, तेव्हा हे लपते. एंजिन तापले, तेल पातळ झाले, की जोर जातो, आणि बंद पडलेले एंजिन पुन्हा लवकर सुरू होत नाही.

आमच्या आजीच्या घरी जाते गुळगुळीत झाले की टाकवून घेत. येथे ते चालत नाही. झिजलेले खरवडून सुधारत नाही. गेलेली धातू परत आणावी लागते. सोव्हिएत संघातील दुरुस्ती-कारखान्यांनी यासाठी जी रीत वापरली ती मोठी नामी होती. झिजलेल्या नळ्या आतून घासून पुन्हा गोल करीत, मायक्रॉनाच्या हिशेबाने त्यांचे गट पाडीत, आणि प्रत्येकीला किंचित मोठा प्लंजर निवडून देत. ज्यांना जोडीदार मिळत नसे त्या प्लंजरांवर क्रोमियमचा मुलामा चढवून, घासून, ते नव्याने जुळवीत. मोडीत निघालेल्या मालातून पुन्हा संसार उभे राहत, म्हणाना!

आपल्याकडे हा प्रश्न स्वातंत्र्याबरोबरच आला. माळव्याच्या आणि मध्य भारताच्या काळ्या जमिनीत कांस माजले होते. शरद् ऋतूचे भूषण म्हणून संस्कृत कवींनी गौरविलेले हेच ते काश! खोल नांगरल्यावाचून त्याच्या मुळ्या निघत नाहीत. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने प्रथम अमेरिकी सैन्याच्या उरलेल्या ट्रॅक्टरांनी हे काम आरंभिले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेती-यंत्रांसाठी एक कोटी डॉलरांचे कर्ज दिले. यंत्रे परदेशी, सुटे भाग परदेशी. अशा वेळी हाताएवढ्या पंपावाचून डोंगराएवढा ट्रॅक्टर उभा राहतो. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यास तेल-एंजिनांची कंपनी काढली होती. बॉशच्या सहकार्याने ‘मायको’ कंपनी १९५१ साली बंगलोरला स्थापन झाली, आणि पुढे हे पंप येथेच घडू लागले.

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एक शेतकरी आमच्याकडे आला. एका दुरुस्ती-दुकानाने त्याच्या तीन सिलिंडरांच्या ट्रॅक्टरच्या पंपात तीन नव्या जोड्या घातल्याचे बिल दिले होते. सकाळी ट्रॅक्टर सुरू होई. दुपारी थांबला की निवेपर्यंत हलत नसे. दुकानदाराचे म्हणणे, तेल भेसळीचे. आम्हाला तेव्हा प्लंजर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. तज्ज्ञाने उभयपक्षांसमक्ष पंप उघडला, रॉकेलात धुतला, आणि भिंगाखाली आम्हाला दाखविले: एक प्लंजर आरशासारखा, दोहोंवर तेच अंधुक पट्टे. भेसळीच्या तेलाने तिघांवर सारखाच ओरखडा काढला असता. त्याने दोघेच का निवडावेत, याचे उत्तर दुकानदाराला देता आले नाही.

बिलाचे पैसे परत मिळाले. वाफसा गेल्यामुळे पेरणी बुडाली त्याची भरपाई मात्र आम्हाला सिद्ध करता आली नाही; पाऊस पुढे कसा पडला असता याचा पुरावा आणावयाचा कोठून? त्या शेतकऱ्याने दुसरीकडे नव्या जोड्या बसवून घेतल्या, पंप कॅलिब्रेशनच्या बाकावर लावून तिन्ही नळ्यांतले तेल समान पडते की नाही हे स्वतः उभे राहून पाहिले, आणि त्या जमिनीत रब्बीचा जोंधळा पेरला.