१९८३ आणि हेन्डरसन

हेन्डरसनला मराठी मंडळी जमली की कॉम्प्युटरवाले हटकून भेटतात. त्यांतल्या कित्येकांची वाट १९८३ साली मोकळी झाली. तोवर महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या जागा मोजक्या. ऐपत असलेली मुलं देणगी भरून कर्नाटकात जात. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदान कॉलेजांना परवानगी दिली. पुढाऱ्यांनी भराभर कॉलेजं काढली, ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द रुळला. पुढे वायटूकेची कामं आली नि कॉम्प्युटर शाखेसाठी झुंबड उडाली. दर्जाबद्दलची ओरड खोटी नव्हती. पण शेत गहाण टाकून फी भरणाऱ्या बापापुढे दुसरं दार कुठे होतं? न्यूझीलंडने १९९१मध्ये गुणांवर आधारित स्थलांतर सुरू केलं. तिथे पदवीला गुण होते. कॉलेज अनुदानित की विनाअनुदान, याला नव्हते.