निखळणारा खुबा

दोन वर्षांपूर्वीं माझ्या थोरल्या बहिणीच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. झिजलेला सांधा काढून त्या जागीं कृत्रिम सांधा बसविला गेला. वेदना थांबली, काठीच्या आधारानें आक्का घरांत हिंडूं लागली. आणि सहाव्या आठवड्यांत, देवापुढें निरांजन लावण्यासाठीं सखल पाटावर बसली असतां तो सांधा निखळला. भूल देऊन तो पुन्हां जागेवर आणला गेला. परंतु घरीं आल्यावर आक्का एकच वाक्य घोकीत बसे : "चूक माझीच. सांगितलेलें ऐकलें नाहीं." हें वाक्य मला सलूं लागलें. शाळेंत जन्म घालविलेल्या माणसाला शंका आली, कीं पुस्तकें उघडल्यावांचून चैन पडत नाहीं. तीं उघडलीं, तेव्हां ध्यानांत आलें कीं, या निखळण्याचा इतिहास आक्काच्या पाटाहून बराच जुना आहे. तो आज आपणांस सांगावयाचा आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल शेंडा कटीच्या हाडांतील खोल वाटींत बसतो आणि त्याभोंवतीं निसर्गानें अस्थिबंधांचे व स्नायूंचे भक्कम वेढे घातले आहेत. म्हणून निरोगी माणूस उकिडवा बसला तरी गोळा बाहेर येत नाहीं. कृत्रिम सांधा बसवितांना यांतील कांहीं वेढे सोडवावे लागतात, आणि मग गोळा आंत राहण्याचा पुष्कळसा भार त्या यंत्राच्या घडणीवर पडतो.

आरंभीं या घडणीची चिंता निराळीच होती. १८९० च्या सुमारास बर्लिन येथें थेमिस्टोक्लीस ग्लुक यानें हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. ते रोगट सांध्यांत टिकले नाहींत. १९३८ सालीं लंडनमध्यें फिलिप वाइल्स यानें पोलादी वाटी आणि पोलादी गोळा वापरला. पुढें नॉरिच येथील जॉर्ज मॅकी यानेंहि धातूचा मोठा गोळा धातूच्याच वाटींत बसविला. मोठा गोळा सहसा निसटत नसे. पण घर्षण फार, आणि त्या ओढीनें हाडांतील पकड सैल होई.

या दुखण्याचें मूळ लँकेशायर परगण्यांतील राइटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्नली यानें शोधलें. त्याचा युक्तिवाद शाळकरी मुलालाहि समजेल असा आहे. गोळा जितका लहान, तितकी त्याची त्रिज्या आंखूड. आणि त्रिज्या जितकी आंखूड, तितका घर्षणानें वाटीला पडणारा पीळ कमी. म्हणून त्यानें गोळा केवळ ७/८ इंचाचा, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा घेतला. वाटी प्रथम टेफ्लॉनची केली. सुमारे तीनशे रोग्यांत ती अल्पावधींत झिजली, आणि त्या झिजेच्या चुऱ्यानें नवी पीडा उत्पन्न झाली. अखेर १९६२ सालीं त्यानें पॉलिएथिलीन हें दुसरें प्लास्टिक योजिलें आणि तेथून या शस्त्रक्रियेला खरें यश लाभलें.

परंतु यशाचें मोल द्यावेंच लागतें. अर्धगोल वाटींतून सुटण्यासाठीं गोळ्याला साधारण त्याच्या त्रिज्येएवढें सरकावें लागतें. २२ मिलिमीटरांच्या गोळ्याला ११ मिलिमीटर पुरतात. ३६ मिलिमीटरांच्या गोळ्याला १८ लागतात. शिवाय लहान गोळ्याची मान त्या मानानें जाड ठरते. मांडी फार वांकविली कीं ती वाटीच्या कडेला टेकते, तेथें तरफ तयार होते, आणि गोळा उचलला जातो. सखल पाटावर बसतांना नेमकें हेंच घडतें.

मग दोष शस्त्रवैद्याच्या हाताचा म्हणावा काय? १९७८ सालीं अमेरिकेंत लेविनेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं वाटीच्या कलतेपणाची एक सुरक्षित मर्यादा आंखून दिली. तिच्या आंत बसविलेल्या सांध्यांपैकीं सुमारे दीड टक्का निखळले, बाहेरच्यांपैकीं सुमारे सहा टक्के. हात महत्त्वाचा आहे हें उघड झालें. पण पुढें असेंहि दिसून आलें कीं, निखळलेल्या पुष्कळ सांध्यांच्या वाट्या त्या मर्यादेंतच होत्या.

तेव्हां प्रश्न पुन्हां घडणीकडे येतो. कोणी वाटीची मागची कड उंच केली. कोणी गोळा वाटींत कड्यानें जखडून टाकला. परंतु जखडलेल्या गोळ्याचा हिसका हाडांतील जोडावर बसूं लागला. १९७० नंतरच्या दशकांत फ्रान्समधील सेंत-एत्येन या गांवीं झील बूस्के या शस्त्रवैद्यानें आंद्रे रांबेर या यंत्रज्ञाच्या साहाय्यानें निराळीच तोड काढली. चार्नलीचा लहान गोळा हवा कीं मॅकीचा मोठा, या वादांत न पडतां त्यानें लहान गोळा प्लास्टिकच्या मोठ्या गोळ्याच्या पोटांत घातला, आणि तो मोठा गोळा गुळगुळीत धातूच्या वाटींत मोकळा सोडला. नित्याच्या चालण्यांत आंतला लहान गोळा फिरतो. मांडी फार वांकून मान कडेला टेकली, कीं बाहेरचा मोठा गोळा वळूं लागतो आणि तरफ होण्याचें टळतें. यालाच दुहेरी हालचालीचा सांधा म्हणतात.

याहि युक्तीला व्यंग होतेंच. जुन्या सांध्यांत कांहीं वर्षांनीं प्लास्टिकचा ओंठ झिजून लहान गोळा मोठ्याच्या पोटांतून निसटे, आणि पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागे. गेल्या शतकाच्या अखेरीस किरणांच्या योगें बळकट केलेलें प्लास्टिक आलें, झीज पुष्कळ घटली, आणि साध्या सांध्यांतहि मोठे गोळे वापरणें शक्य झालें. मात्र मोठ्या गोळ्याचा मोह आंधळाहि ठरतो. मोठ्या धातूच्या गोळ्याचा एक प्रकार धातूच्या सूक्ष्म कणांमुळें २०१० सालीं जगभर परत घ्यावा लागला. त्याची झळ भारतांतील रोग्यांनाहि लागली.

आक्काचा सांधा पुढें आणखी एकदां निखळला. तेव्हां दुसऱ्या शस्त्रक्रियेंत तिला हा दुहेरी हालचालीचा सांधा बसविला. त्यानंतर तो निखळलेला नाहीं. तरीहि पाट तिनें सोडला. उंच चौरंगावर देव ठेवून ती खुर्चीवर बसून पूजा करते. घडण कितीहि चांगली झाली तरी पथ्य सुटत नाहीं, हें तिला कोणी शिकवावें लागलें नाहीं.

श्रोतेहो, ज्यांच्या घरीं अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, त्यांनीं एक गोष्ट अवश्य करावी. आमचें माणूस जेवावयास कसें बसतें, पूजेला कसें बसतें, शौचास कसें बसतें, हें शस्त्रवैद्यांना आधींच सांगावें, आणि कोणत्या घडणीचा सांधा त्याला मानवेल हें विचारावें. आम्हीं तें विचारलें नव्हतें. आक्काला हा सारा इतिहास मीं सांगितला, तेव्हां ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सव्वाशें वर्षें मोठमोठ्यांना जें नीट साधलें नाहीं, त्याचें खापर मी एकटी डोक्यावर घेऊन बसलें होतें." तें वाक्य ती आतां घोकीत नाहीं.