बावीस पानांचे घर

माझ्या लहानपणी आमच्या घरात रोज बावीस पाने वाढली जायची. आजी-आजोबा, तीन काका-काकू, आमचे आईवडील, लहानपणीच विधवा झालेली आत्या, आणि आम्ही अकरा मुले. आला-गेला वेगळाच. गाव वाईजवळचे. आजोबांना सगळे अण्णा म्हणत, आजीला माई.

एकत्र कुटुंबावर लिहायला बसले की माया, जिव्हाळा, संस्कार हे शब्द आपोआप येतात. ते खोटे नाहीत. पण मंडळी, शाळेत इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे आठवणींतसुद्धा प्रश्न पडतो, की हे सगळे चालत कशावर होते? उत्तर सोपे आहे. कुळांकडून येणाऱ्या धान्यावर.

सुगी झाली की गाड्या यायच्या. जोंधळा, भात, घेवडा. माई कोठीच्या दारात पायली घेऊन बसायची. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. चार शेरांची पायली, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. माईला अक्षर येत नव्हते, पण पावकी, निमकी, दिडकी ऐकून ऐकून तोंडपाठ. कोण पाहुणा आला, कोणाला ताप आहे, कोणाचा उपास, हे सगळे बघून ती रोजचे धान्य काढायची आणि चिपटेभरसुद्धा चुकायची नाही. (काकूंना विचाराल तर त्या बावीस पानांची त्यांची आठवण वेगळी आहे. लग्नानंतर कित्येक वर्षे गरम भाकरी आपल्या वाट्याला आली नाही, असे माझी आईही सांगायची. असो.)

मग १ एप्रिल १९५७ उजाडला. मी तेव्हा आठ वर्षांची. या एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. आण्याचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला, आणि कूळकायद्याप्रमाणे तो 'कृषक दिन' ठरला. म्हणजे काही अपवाद सोडले तर त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो तिचा मालक मानला गेला. किंमत शेतसाऱ्याच्या २० ते २०० पटींच्या दरम्यान, तीही हप्त्यांनी.

मूळ कायदा १९४८ चा. मधल्या वर्षांत अनेक ठिकाणी मालकांनी कुळांकडून जमिनी सोडल्याचे राजीनामे घेतले, कागदोपत्री राजीखुशीने. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी केलेली पाहणी १९५७ मध्येच प्रसिद्ध झाली, तीत या राजीखुशीवर स्पष्ट शंका घेतलेली आहे. आमच्याकडेही थोरल्या काकांनी तसे कागद तयार करून आणले होते. अण्णांनी ते वाचले, घडी घातली आणि परत दिले. "त्याच्या बापानं बांध घातलेत ते. मी काय सांगू त्याला?" एवढेच म्हणाले. काका त्यांच्याशी दोन महिने बोलले नाहीत. मला वाटते, काकांचेही अगदीच चूक नव्हते. त्यांना पाच मुले होती.

आम्हा मुलांना मात्र नव्या पैशांचेच नवल. एका आण्याचे सहा नवे पैसे, पण चार आण्यांचे पंचवीस! सहा चोक चोवीस, मग हा एक पैसा कुठला? माईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मग आण्याआण्याचं चारदा आणा की." आठवडाभर आम्ही वाण्याकडे चार-चार खेपा घातल्या. शेवटी तोच घरी येऊन हात जोडून गेला.

धान्य थांबले तशी पाने कमी झाली. एक काका मुंबईला गिरणीत हिशेब लिहायला, दोघे पुण्याला. पाचेक वर्षांत पंगत आठ पानांवर आली. वडील गावात शिक्षक होते म्हणून आम्ही राहिलो. दर महिन्याला मनिऑर्डरी यायच्या. त्यांच्या चिठोरीवरचे दोन ओळींचे कुशल मी माईला वाचून दाखवायची आणि ती ते कपटे तारेत ओवून ठेवायची. गणपतीला मात्र सगळे यायचे. बिनबोलाचे थोरले काकासुद्धा, आणि येताना अण्णांसाठी तपकिरीची डबी न विसरता.

आमचे जुने कूळ, आता मालक, दर वर्षी पहिला हुरडा घेऊन दारात उभे राहायचे. माई तो मापून घ्यायची आणि पैसे मोजून द्यायची. "हक्काचं होतं तेव्हा फुकट घेतलं, आता नाही." ते नको नको म्हणायचे. मग ती हिशेब करायची, तोही आण्यांतच, आणि ते हसत हसत त्याचे नवे पैसे करून तिला सांगायचे.

माई १९७१ साली गेली. ती पायली हल्ली पुण्याला चुलतभावाकडे आहे. तिच्यात टीव्हीचे रिमोट ठेवतात.