गिरणगावातील आजोबा : खोली, मनीऑर्डर आणि ग्राममंडळ

मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाची पहिली सहा-सात दशके जी पिढी राबली, तिच्याविषयीच्या घरगुती आठवणींत एकाच माणसाची तीन चित्रे सहसा वेगवेगळी रंगवली जातात : गिरणीत पाळी भरणारा कामगार, गावी पैसे पाठवणारा कुटुंबप्रमुख आणि गावाच्या मंडळाचा चिटणीस किंवा खजिनदार म्हणून शाळेसाठी, देवळासाठी, पाण्यासाठी झटणारा समाजसेवक. यांपैकी तिसऱ्या चित्राविषयी नातवंडांना विशेष अभिमान असतो आणि आजोबांच्या मनाच्या मोठेपणाची खूण म्हणून ते सांगितले जाते. मनाचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु गिरणगावाचा इतिहास पाहता मंडळाचे काम हे नोकरी आणि संसार सांभाळून उरलेल्या वेळात केलेले दानधर्माचे काम नव्हते, तर ती नोकरी आणि तो संसार ज्याच्या आधारावर उभे होते तो आधारच होता, असे दिसते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यात गिरण्यांची दाटी होऊन ‘गिरणगाव’ हे नाव रूढ झाले. या गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ प्रामुख्याने तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे १९८१ मध्ये वेगळा झालेला आजचा सिंधुदुर्ग धरून असलेल्या मुलखातून, तसेच घाटावरच्या सातारा, पुणे, कोल्हापूर, नगर या भागांतून आले. कोकणातील भातशेतीचे तुकडे लहान, डोंगरउतारावरची वरकस जमीन नाचणी-वरीपुरतीच उपयोगाची आणि सारा वसूल करणाऱ्या खोताचा वाटा वेगळा, अशा स्थितीत घरातील एका तरी पुरुषाने मुंबईला जाऊन रोख पैसा आणणे अपरिहार्य होते. अशा माणसाला कोकणात चाकरमानी म्हणत. तो जाई, परंतु घरदार हलवत नसे. बायको, आईवडील, गुरे आणि शेती गावीच राहत. १९११ ते १९३१ या काळातील प्रत्येक जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेच्याही खाली होती, ती मुख्यतः यामुळेच. चाकरमान्याच्या संसाराचा इतिहास लिहिताना लावणी, बेणणी, कापणी आणि सासू-सासऱ्यांचे आजारपण एकटीने निभावणाऱ्या आजीला दुय्यम पात्र करणे हा सोयीचा अन्याय ठरेल, कारण गिरणीचा पगार कुटुंबाला पुरत नसे आणि जी तूट पडे ती तिच्या शेतीतून भरून निघे.

गिरणीत प्रवेश मिळे तो जॉबरमार्फत. जॉबर म्हणजे खात्यातील कामगारांवर देखरेख करणारा मुकादम. परंतु भरती, बढती आणि काढून टाकणे हे सारे दीर्घकाळ त्याच्याच हाती असल्यामुळे तो बहुधा आपल्याच गावचे, भावकीचे किंवा जातीचे लोक आणी. नवख्याला सुरुवातीला ‘बदली’ म्हणून उभे राहावे लागे, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच काम आणि त्या दिवसाचाच पगार. अशा माणसाला महिन्यात किती दिवस भरतील याची शाश्वती नसल्यामुळे खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे आणि वाण्याची उधारी यांसाठी कोणीतरी जामीन लागे, आणि हा जामीन म्हणजे गाववाले. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात व्याजाच्या वसुलीसाठी उभा राहणारा पठाण सावकार गिरणगावाच्या सर्व आठवणींत भेटतो. त्याच्या तावडीतून माणूस सोडवणे हे पुढे ग्राममंडळांच्या आणि कामगारांच्या पतपेढ्यांच्या कामाचे एक मोठे अंग झाले.

जे नाते काम मिळवून देई तेच नाते दुसऱ्याला दाराबाहेरही ठेवी. साचेखाते, म्हणजे मागांवर कापड विणण्याचा विभाग, हे चांगल्या मजुरीचे खाते होते. तेथे धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने श्वास ओढून बाहेर काढावे लागे. दिवसातून कित्येकदा होणाऱ्या या क्रियेत एकाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठाला लागणार, म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य कामगारांना या खात्यात येऊ दिले नाही आणि ते कताईच्या, कमी मजुरीच्या खात्यांत अडकून राहिले. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडून त्याला मागण्यांत स्थान मिळावे असा आग्रह धरला. ग्राममंडळांच्या सेवाभावाची मोजदाद करताना ही चौकट डोळ्यांआड करता येत नाही : ‘गावाचे मंडळ’ म्हणताना त्या गावात महारवाडा बहुधा धरलेला नसे. तेथील चाकरमान्यांनी आपली मंडळे स्वतंत्रपणे उभी केली, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धजनांच्या अशा मंडळांनी गावोगावी विहार आणि शिक्षण यांसाठी मुंबईतूनच वर्गणी जमवली.

मंडळाचा जन्म झाला तो खोलीत. एका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीला घाटावरचे लोक गाळा म्हणत, कोकणातले गावकीची खोली म्हणत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या शहर सुधारणा विश्वस्त मंडळाने, आणि १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने, कामगारांसाठी चाळी बांधल्या. पैकी वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथील विकास खात्याच्या २०७ चाळींतील खोली १६० चौरस फुटांची होती, आणि खासगी मालकांच्या चाळींतही स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. अशा एका खोलीत पंधरा-वीस आणि प्रसंगी त्याहूनही अधिक माणसे राहू शकत, ती केवळ पाळ्यांमुळे. पहिल्या पाळीचे लोक भोंग्याबरोबर बाहेर पडले की रात्रपाळीचे लोक त्याच जमिनीवर आपली वळकटी पसरत. प्रत्येकाच्या मालकीची एक पत्र्याची पेटी, भिंतीला एक खुंटी आणि माळ्यावर गुंडाळलेले अंथरूण एवढीच जागा असे. जेवण बहुधा खाणावळीत. ती चालवणाऱ्या बायका बव्हंशी कामगारांच्याच घरांतल्या, आणि महिनाअखेरपर्यंत उधारीवर जेवू घालणाऱ्या. (प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच खाणावळवाल्यांना संघटित करून, तोवर संघटनांच्या इतिहासात या बायकांचा उल्लेख सहसा ‘सोय’ म्हणूनच येतो.) गोव्याहून बोटीवरच्या नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती तरुणांचे धोबीतलाव-माझगाव भागातील ‘कूड’ याच धर्तीचे होते : प्रत्येक गावाचा वेगळा कूड, तेथे गावच्या संताची वेदी, सामायिक नियम आणि गाववाल्यालाच प्रवेश.

जेथे इतकी माणसे एका छपराखाली राहतात तेथे भाड्याचा हिशेब ठेवावाच लागतो, आणि भाड्याच्या वहीतूनच बहुतेक मंडळांची वही निघाली. कोणी आजारी पडला तर त्याला बोटीत बसवून देणे, कोणी वारला तर अंत्यसंस्काराचा खर्च उचलणे आणि गावी निरोप धाडणे, काम सुटलेल्याचे भाडे काही महिने सांभाळून घेणे, ही पहिली कामे. भाड्यातून आणि मासिक वर्गणीतून शिल्लक पडू लागल्यावर लक्ष गावाकडे वळले. कामाच्या तासांचाही याच्याशी संबंध होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला १९११ च्या कायद्याने बारा तासांची आणि १९४८ च्या कायद्याने नऊ तासांची मर्यादा घातली. आणि १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांत महिना संपल्यापासून दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक झाले. पगारानंतरच्या रविवारी सभा भरवून हातोहात वर्गणी गोळा करण्याची मंडळांची रीत या सुधारणांमुळेच रुळली.

अशा सभेत चर्चिले जाणारे विषय पाहिले म्हणजे ‘समाजसेवा’ हा शब्द किती मोघम आहे ते लक्षात येते. पावसाळ्यात पोरांना शाळेत जाता यावे म्हणून पऱ्ह्यावर साकव, म्हणजे लाकडी किंवा दगडी छोटा पूल, घालणे. विहिरीचा काठ बांधणे. शाळेच्या छपराला कौले पुरवणे. स्मशानात शेड उभारणे. देवळाचा जीर्णोद्धार करणे. स्वातंत्र्यानंतर कोकणात अनेक माध्यमिक शाळा अशाच मंडळांतून निघालेल्या शिक्षणसंस्थांनी सुरू केल्या, आणि अशा संस्थेची शाळा गावात असली तरी नोंदणीचा पत्ता कित्येकदा लालबाग-परळच्या एखाद्या चाळीतल्या खोलीचा असे. स्वतः जेमतेम चौथी शिकलेला विणकर संस्थेचा खजिनदार म्हणून पदवीधर मुख्याध्यापकाच्या खर्चाची बिले तपासतो, हे त्या काळी नवलाचे नव्हते. या सगळ्यात भांडणेही भरपूर होती. पैसा मुंबईचा, पण श्रम आणि राबता गावचा, तेव्हा मुंबईकर मंडळ आणि गावातील कमिटी यांच्यात देवळाच्या मानपानावरून किंवा शिमग्यात पालखी प्रथम कोणाच्या दारी न्यावी यावरून वर्षानुवर्षे तेढ चाले.

कुटुंबाचा धागा मात्र टपालाने जोडलेला होता. १८८० मध्ये टपाल खात्याने सुरू केलेली मनीऑर्डर ही चाकरमान्याची बँक आणि पत्र दोन्ही होती : फॉर्मच्या खालच्या भागात निरोपासाठी चार ओळींची जागा असे, तीत ‘खुशाल आहे’पासून बियाण्याच्या सूचनेपर्यंत सर्व मावे, तो मजकूर पोस्टमन घरी वाचून दाखवी, आणि पैसे पोहोचल्याची पोच, बायकोच्या अंगठ्याच्या ठशासह, मुंबईच्या पत्त्यावर परत येई. पेटीत जपून ठेवलेल्या या पोचपावत्या हाच अनेक संसारांचा एकमेव लेखी पुरावा आहे. पावसाळ्यात कोकणबोटी बंद पडत, तेव्हा दाभोळ, देवगड किंवा वेंगुर्ल्याच्या आसपासच्या गावांशी संबंध उरे तो एवढाच.

शहरातही ही माणसे उपरी राहिली नाहीत. टिळकांच्या शिक्षेनंतरचा १९०८ चा सहा दिवसांचा संप, १९२८ चा प्रदीर्घ लढा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, या सर्वांत लोक निघाले ते चाळी-चाळींतून आणि खोली-खोलीतून. संपाच्या काळात कुठल्या खोलीतले किती लोक गावी पाठवायचे हेही मंडळेच ठरवत. चिंचपोकळी (१९२०), गणेश गल्ली (१९२८) आणि लालबाग (१९३४) येथील सार्वजनिक गणेशोत्सव याच वस्तीने वाढवले, तर परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणीतून सुटलेले कलावंत दशावतार आणि नमन सादर करत.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप अधिकृतपणे मागे न घेताच विरून गेला. त्या काळात पैशाचा प्रवाह उलटला : गावाहून तांदूळ, कुळीथ, सुक्या मासळीच्या पिशव्या मुंबईला येऊ लागल्या. गिरण्या बंद झाल्या तशी वर्गणी आटली, पण खोल्या राहिल्या, आणि आता पुनर्विकासाच्या निमित्ताने त्यांना कधी नव्हे एवढी किंमत आली आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी घरमालकाने भाडेपावतीसाठी एक नाव मागितले, तेव्हा गावाने सर्वांत भरवशाच्या माणसाचे, बहुधा चिटणिसाचे, नाव दिले. भाडेनियंत्रण कायदा भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा, तसा कोणी नसल्यास वारसाचा हक्क मानतो. एकत्र राहिलेले वीस गाववाले कायद्याच्या दृष्टीने कुटुंब ठरत नाहीत. त्यामुळे जेथे मंडळाने न्यास म्हणून नोंदणी करून भाडेपावती वेळीच आपल्या नावे करून घेतली तेथे खोली गावाची राहिली, आणि जेथे केवळ शब्दावर काम चालले तेथे आजोबांच्या नावाची पावती घेऊन एका बाजूला नातवंडे आणि दुसऱ्या बाजूला वर्गणीच्या जुन्या वह्या घेऊन गावकरी अशी न्यायालयीन भांडणे उभी राहिली आहेत.