वठलेलं झाड कुणाचं?

वठलेलं झाड दिसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, तोडायचं कधी? आणि दुसरा, लाकूड कुणाचं? मंडळी, या दुसऱ्या प्रश्नाला चांगला तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एक घुबडही आहे.

सुरुवात आज्ञापत्रापासून करू. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेलं. (त्यातला झाडांचा मजकूर शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरत असतो. धोरण महाराजांचं असेलही, पण लेखणी अमात्यांची आणि काळ नंतरचा.) आरमाराला लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. सवलत एकच: झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती नाही. मला हा हुकूम फार आवडतो. पण जीर्ण झाड कोणाच्याच कामाचं नसतं, हे अमात्यांनीही गृहीत धरलंय.

आता गंमत बघा. जिवंत झाडातही खोडाचा गाभा मेलेलाच असतो. आपल्या जुन्या घरांच्या सागवानी तुळया ज्या लाकडाच्या, ते लाकूड झाड उभं असतानाच मेलेलं होतं. फांदी मोडली, जखमेतून बुरशी आत शिरली, की हा गाभा कुजत जातो आणि बाहेरून हिरवंगार असलेलं झाड आतून पोकळ होतं. हीच ढोली. धनेशाची मादी अशा ढोलीत स्वतःला कोंडून घेते, चोच मावेल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून तिला फळं भरवतो. एवढी थोरली चोच, पण धनेशाला ढोली कोरता येत नाही, आयतीच लागते! मेलेल्या मऊ फांद्या कोरायचं काम सुतार आणि तांबट करतात. ते सोडून गेले की साळुंक्या, पोपट, पिंगळे राहायला येतात. थेट पागडी पद्धत.

१८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक नेमले गेले. पुढे १८७८ चा वनकायदा आला. जंगल म्हणजे उत्पन्न, हा हिशेब एकदा बसला की मेलेलं झाड म्हणजे जागा अडवणारा भाडेकरू. वठलेलं, रोगट काढून टाका, सरळसोट साग वाढवा. गावकऱ्यांचा सरपणाचा हक्क होता, ती आता सरकारची मेहेरबानी झाली. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव जंगलखात्यावर तुटून पडतात ते उगीच नाही.

आता ते घुबड. रानपिंगळा. ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८४ साली खानदेशात डेव्हिडसनला काही नमुने मिळाले आणि त्यानंतर हा पक्षी गायबच. मेनर्ट्झहागेन नावाच्या एका साहेबाने १९१४ साली तो मिळाल्याचं दाखवलं होतं, पण तो नमुना संग्रहालयातूनच लांबवून, नवी चिठ्ठी लावलेला निघाला. पाखरातही अफरातफर! शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ (तेव्हा धुळे जिल्हा) दिसला. ११३ वर्षांनी. हाही ढोलीतच राहणारा. म्हणजे इतकी वर्षं तिथे कुठेतरी जुनी, पोकळ झाडं उभी राहिली म्हणून तो राहिला, असंच म्हणायला हवं.

आणि मग १४ फेब्रुवारी २००० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. गोदावर्मन खटल्यातला. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून मेलेली, मरणारी, रोगट, वाऱ्याने पडलेली झाडं काढायची नाहीत, गवतसुद्धा नाही. मला तर हा आदेश आज्ञापत्राइतकाच मोलाचा वाटतो. लाकूड कुणी न्यायचं यावर वाद घालता घालता, ते तिथेच राहू द्या असं कोणीतरी म्हणालं.

पण माझा जीव इथे अडकतो. त्याच जंगलात डोक्यावर मोळी घेऊन निघालेली बाई आहे. तिची चूल त्या सुक्या लाकडावर, तिच्या झोपडीच्या मेढी त्याच लाकडाच्या. मोळीत बसतं ते मनगटाएवढं. धनेशाला लागतं ते कवेत न मावणारं खोड. कंत्राटदाराचा ट्रक आणि ही मोळी यांना एकाच आदेशात बसवणं मला पटत नाही.

२००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यांनाही लागू आहे आणि त्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपानाबरोबर काटक्याकुटक्या आणि झाडांची खुंटंही आली आहेत. उभ्या वठलेल्या खोडाचं नाव मात्र त्या यादीत नाही.