लहान छातीतली कृत्रिम झडप

उधना–जळगाव लोहमार्गावरच्या चलथाणला साखर कारखाना आहे. दिवाळी सरली की धुळे, नंदुरबार आणि डांगमधून ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजूर जोडपी, सुरत जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या शिवारात पालं ठोकतात, उन्हाळ्यात परततात. बालहृदयरोगांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या नव्या वाचकाचं स्वागत मी मुद्दाम या पालांपासून करतो. झडप बदललेलं मूल जगेल की नाही, हे शस्त्रक्रियागृहाइतकंच इथेही ठरतं.

झडप बिघडण्याची सुरुवात साध्या घसादुखीने होते. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा धरतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, मग घोटा; हा ऱ्हुमॅटिक ताप. सांधे बरे होतात, हृदयाची मायट्रल झडप मात्र व्रण घेऊन राहते. १९६३ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये भारतातल्या कोवळ्या वयात आवळत जाणाऱ्या या झडपेकडे जगाचं लक्ष वेधलं.

१९६० मध्ये सर्जन अल्बर्ट स्टार यांनी मायट्रलच्या जागी कृत्रिम झडप बसवली. १९९० मध्ये तिरुवनंतपुरमची चित्रा झडप आली आणि आपल्याकडे कमी खर्चाचा पर्याय मिळाला. पण मूल वाढतं, झडपेची कडी वाढत नाही. म्हणूनच जमेल तिथे सर्जन मूळ झडप दुरुस्तच करतात. बदलावी लागलीच, तर मृत्यूचा धोका कशाने वाढतो? वय दोन वर्षांच्या आत असणं, वजनाच्या मानाने मोठी झडप बसवावी लागणं, आधीच्या शस्त्रक्रिया, झडपेला जंतुसंसर्ग, तातडीची शस्त्रक्रिया. आणि उशीर. डावा कप्पा थकल्यावर, फुप्फुसांतला रक्तदाब चढल्यावर आणलेलं मूल कुशल हातांनाही दाद देईलच असं नाही. माझ्या मते या यादीत आपल्याला सर्वांत आधी बदलता येईल तो हा उशीरच.

शस्त्रक्रियेनंतर दुसरी परीक्षा सुरू होते. प्राण्यांच्या ऊतींची झडप मुलांत लवकर कॅल्शियम धरून कडक होते. धातूची टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी जन्मभर लागते. डोस कमी पडला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. त्यासाठी रक्त गोठण्याचा वेग मोजणारी आयएनआरची तपासणी वारंवार हवी, आणि मुक्काम हलवत राहणाऱ्या कुटुंबाची नेमकी तीच चुकते. घशाचा तो संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून दिलं जाणारं पेनिसिलिनचं इंजेक्शनही झडप बदलली म्हणून थांबत नाही. ते दर तीन-चार आठवड्यांनी चालूच ठेवावं लागतं.

म्हणून वाचकाला एक विनंती. अशा मुलाच्या कागदावर पुढच्या इंजेक्शनची आणि तपासणीची तारीख लिहाल, तेव्हा त्या दिवशी ते कोणत्या गावात असेल, हे आईला विचारून शेजारीच लिहा.