एक लाखाचा चरखा आणि पाच चौकटी

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्याने शाळेतून एक कागद आणला. सातवीत आहे तो. कागदावर बाणांनी जोडलेल्या पाच चौकटी होत्या. प्रश्न ओळखा, कल्पना करा, आराखडा काढा, बनवा, सुधारा. खाली सूचना : 'एखाद्या साध्या यंत्राचे चालते मॉडेल करून आणावे.' मी कला शाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून. मला मॉडेल म्हटले की प्रदर्शनातले थर्मोकोलचे धरण आठवते. बायको म्हणाली, "म्हापशाच्या बाजारात तयार मिळतात, शुक्रवारी आणून टाका." पण त्या पाच चौकटी काही माझ्या डोक्यातून जाईनात.

साधी यंत्रे मीही शिकलो होतो. आमची चौथीपर्यंतची शाळा मराठी, आणि पाचवीला एकदम इंग्रजी. त्यामुळे लिव्हर, फल्क्रम, लोड, एफर्ट हे शब्द मी मंत्रासारखे पाठ केले. पहिला प्रकार, दुसरा प्रकार, तिसरा प्रकार. परीक्षेत गुणही मिळाले. आजोबांच्या परसातल्या बांयवर तेव्हा एक जुनी लाट उभी होती. पंप आल्यावर बंद पडलेली. आडवे लांब लाकूड, मागच्या टोकाला बांधलेला दगड. रिकामा कोळंबा खाली ओढताना माणसाने आपला भार घालायचा, आणि भरलेला वर आणताना दगडाने मदत करायची. ती लाट म्हणजेच 'लिव्हर', पहिला प्रकार, हे मला कोणी सांगितले नाही. तरफ आणि टेकू हे शब्द तर मी नोकरीला लागल्यावर मराठी पुस्तकांत वाचले. घरातला अडकित्ता दुसऱ्या प्रकारातला, चुलीजवळचा चिमटा तिसऱ्या, आणि विळीचे पाते म्हणजे पाचर, हे त्यानंतर कळले. असो.

पोराला काय सांगावे म्हणून वाचत बसलो आणि १९२९ सालच्या एका जाहिरातीपाशी अडकलो. मंडळी, हा लेख त्या जाहिरातीबद्दल आहे.

त्या वर्षी अखिल भारतीय चरखा संघाने एक बक्षीस लावले. चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपये! १९२९ चे एक लाख. त्या काळी एवढ्या पैशांत काय काय आले असते याचा हिशेब वाचकांनीच करावा. मला मात्र रकमेपेक्षा अटी वाचून जास्त नवल वाटले.

चरखा वजनाला हलका हवा. खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालवता यायला हवा. एखाद्या बाईला फारसे न थकता सलग आठ तास त्यावर काम करता आले पाहिजे. त्यातून १२ ते २० नंबरचे सूत ठरलेल्या मोठ्या प्रमाणात निघाले पाहिजे. किंमत दीडशे रुपयांहून जास्त नको, आणि तो हिंदुस्थानातच बनला पाहिजे. नीट निगा राखली तर वीस वर्षे टिकला पाहिजे. दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. आणि बक्षीस हवे असेल तर पेटंट संघाच्या नावे करून द्यायचे.

मी वीस वर्षे कचेरीत निविदांच्या अटी टंकलिखित करतो आहे. अटी कशा लिहिल्या जातात हे मला चांगले ठाऊक आहे. कधीकधी अट वाचली की ती कोणत्या पुरवठादाराचे माप घेऊन शिवली आहे तेही समजते. या जाहिरातीतल्या अटीही अशाच कोणाचे तरी माप घेऊन शिवल्या होत्या. फक्त ते माप पुरवठादाराचे नव्हते. झोपडीत बसून सूत कातणाऱ्या बाईचे होते. तिचा खांदा, तिचा दिवस, तिच्या घरातली जागा आणि तिच्या गावचा सुतार.

या अटी हवेतून आल्या नव्हत्या. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज' लिहिले तेव्हा चरखा डोळ्यांनी पाहिल्याचेही त्यांना आठवत नव्हते. तशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. आश्रमात आधी माग आले, पण सूत गिरणीचे. चरखा कुठे मिळेना. शेवटी गंगाबेन मजमुदार या बाईंनी शोधशोध करून तो काढला आपल्या मराठी राजाच्या बडोदा संस्थानात, विजापूर गावी. तिथे अनेकांच्या घरी चरखे माळ्यावर टाकून दिलेले होते. मग मगनलाल गांधी यांनी आश्रमात त्यावर खटपट करून सुधारणा केल्या. १९२५ साली चरखा संघ स्थापन झाला आणि १९२८ च्या एप्रिलमध्ये मगनलाल वारले. आश्रमाचा यंत्र जाणणारा माणूस गेला आणि पुढच्याच वर्षी ही जाहिरात निघाली. घरच्या माणसाच्या जागी साऱ्या जगाला हाक घातल्यासारखे मला ते वाटते.

आता यंत्राकडे येऊ. आमच्या वाड्यावर एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्या खाटेखाली पेटी चरखा आहे. एका रविवारी मी पोराला घेऊन गेलो. मास्तरांनी पेटी उघडली आणि काही न सांगता त्याला चाक फिरवायला लावले. मग विचारले, "चाक एकदा फिरले, चाती किती वेळा फिरली?" पोराने मोजायचा प्रयत्न केला. चाती एवढी गरगरते की मोजता येईना. तेव्हा मास्तरांनी फूटपट्टी दिली. मोठे चाक मोजले, चातीची बारीक गिरकी मोजली, भागाकार केला. पेटीत दोन चाके असतात, म्हणून दोन भागाकार आणि मग गुणाकार. तासाभरात त्याला असे एक गणित समजले, जे मी कधीच नीट शिकलो नव्हतो.

त्यातून मला कळलेली गोष्ट अशी. आम्हाला शिकवले होते की साधे यंत्र आपली ताकद वाचवते. पहारीने धोंडा हलतो, कप्पीने घागर वर येते. चरखा याच्या अगदी उलट आहे. इथे मोठ्या चाकाने बारीक चाती फिरवायची. म्हणजे ताकद जास्त घालायची आणि वेग मिळवायचा. यंत्र फुकट काहीच देत नाही. एका हाताने देते, दुसऱ्या हाताने घेते. वेग वाढवायला चाक मोठे करा, फिरवायला जड होते. दोन चात्या लावा, सूत दुप्पट आणि हाताला पडणारा जोरही जवळजवळ दुप्पट. आता पुन्हा त्या अटी वाचा. सूत भरपूर हवे, पण बाईने आठ तासांत थकता कामा नये. मजबूत हवा, पण हलका. वीस वर्षे टिकायला हवा, पण स्वस्त. प्रत्येक अट दुसरीचा पाय ओढते. ही ओढाताण सोडवणे म्हणजेच इंजिनियराचे काम. शाळेच्या कागदावरच्या पाच चौकटींत ही ओढाताणच नव्हती.

मग बक्षीस कोणाला मिळाले? कोणालाच नाही.

प्रयत्न मात्र झाले. आपल्या किर्लोस्करवाडीतून काळे यांचा चरखा आला. किर्लोस्करवाडी म्हणजे १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर वसवलेले कारखान्याचे गाव. वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर स्वतः आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवलेला हा कारखाना. त्यांच्या मदतीने झालेला चरखाही सगळ्या अटींत बसला असे परीक्षकांना वाटले नाही. अटी सैल करून कोणाला तरी हार घालता आला असता. स्वातंत्र्याच्या चळवळीला तेव्हा अशा बातमीचा उपयोगच झाला असता. तसे केले नाही. एक लाख रुपये तसेच राहिले.

गांधीजींना १९३० च्या मे महिन्यात अटक झाली आणि ते येरवड्याला गेले. तिथे स्वतःच चरख्यावर प्रयोग करत बसले. पेटीत मिटवून हातात धरून नेता येईल असा जो चरखा पुढे रूढ झाला, त्याला 'येरवडा चरखा' हे नाव त्या तुरुंगावरून पडले. मास्तरांच्या खाटेखालचा तो हाच. पुढे मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलिश इंजिनियर आले. त्यांनी धनुष टकळी तयार केली. चाकच नको, धनुकलीनेच टकळी फिरवायची! प्रश्न सुटत नसेल तर प्रश्नच वेगळा मांडायचा, हा त्यातला धडा. (हेच फ्रिडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचे इंग्रजी करणारे झाले.) आणि गांधीजी गेल्यानंतर तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांचा अनेक चात्यांचा अंबर चरखा पुढे आला. बोटांच्या चिमटीने पेळू ओढण्याऐवजी त्यांनी गिरणीसारखे रूळ वापरले. पन्नासच्या दशकात तो देशभर गेला. १९२९ च्या प्रश्नाचे उत्तर असे पंचवीसेक वर्षांनी, हप्त्याहप्त्याने येत गेले. पाचवी चौकट, 'सुधारा', ही एवढी लांब असते.

हे सगळे मुलांपर्यंत न्यायचा प्रयत्नही झाला होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात अहवाल दिला आणि १९३८ च्या हरिपुरा काँग्रेसने योजना उचलून धरली. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून, आणि मध्यभागी एक हस्तव्यवसाय. टकळीवरच्या सुतावरून अंकगणित, कापसावरून भूगोल, चरख्यावरून यंत्रशास्त्र. हीच नई तालीम. कल्पना मोठी होती, पण पुष्कळ ठिकाणी तिचा विधी झाला. टकळीचा तास भरायचा, सूत मोजायचे, वहीत आकडा टाकायचा. चाती का फिरते आणि सूत का तुटते हे विचारायला ना शिक्षकाला सवड, ना तयारी. माझ्या लिव्हरच्या पाठांतरात आणि त्या टकळीच्या तासात तसा फरक काय? एकीकडे नुसते शब्द, दुसरीकडे नुसते हात.

आमच्या गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल. ती लाट आमच्याकडे १९६१ नंतरच्या शाळांनाही दिसली नाही, मला तरी कोणी दाखवली नाही. आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. चांगले आहे. फक्त सुताराकडे जाऊन त्याचे फोटो काढून परत येऊ नये, एवढीच माझ्यासारख्याची धास्ती.

आता पोराच्या मॉडेलचे सांगतो. पुठ्ठ्याचे चाक केले, सायकलच्या तारेची चाती केली, मध्ये सुती दोरी. दोरी सारखी घसरे. मास्तरांनी सुचवले, तिला मध्ये आढी घाल. दोरी इंग्रजी आठसारखी घातली की चातीला जास्त वेढते आणि घसरत नाही. फक्त चाती उलटी फिरते. घरी मस्त चालला. शाळेत परीक्षक समोर आले आणि दोरी सुटली. पहिला नंबर बाजारातून आणलेल्या, दिवे लागणाऱ्या क्रेनला मिळाला. तक्रार नाही, क्रेन खरेच चालत होती. पण पोराने कोणता प्रयोग का फसला याची जी वही ठेवली होती, ती कोणी उघडून पाहिली नाही. तिला गुणच नव्हते. कारकून म्हणून मला हे कळते. रकाना नसला की ती गोष्ट झालेलीच नसते.

दोन दिवस तो रुसून होता. तिसऱ्या दिवशी त्याने चरखा आजीपुढे ठेवला. माझ्या आईचा उजवा खांदा धरलेला आहे. तिने मूठ धरली, अर्धा वेढा फिरवला आणि "जड जाता रे बाबा" म्हणून सोडून दिली. मी म्हटले, जाऊ दे. संध्याकाळी पाहतो तर हा मुठीची दांडी काढून बसला होता. चाक तेच ठेवून दांडी लांब केली तर हाताला जोर कमी लागेल, असे त्याचे म्हणणे. मग हाताला मोठा फेरा घ्यावा लागेल आणि तेवढा आजीचा खांदा वळत नाही, ही अडचण त्याची त्यालाच सापडली. आता डाव्या हाताने चालणारा करता येईल का ते चालले आहे.

वहीच्या नव्या पानावर त्याने वर 'अटी' असे लिहिले आहे. पहिली अट : 'आजीला जमले पाहिजे.' बाकीच्या अजून लिहायच्या आहेत.